राधाकृष्णाचं तिकाटणं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर अजून पुरता उजेड नाही. घोडेगावच्या अंगाला असलेला एक बोडका माळ दिसतो. माळावर बांबू आणि पाचटाची छपरं ओळीनं उभी आहेत. छपरांखाली गुरं आहेत, काही आपल्या गावची, काही परगावची. शेणीच्या धुराची एक पट्टी जमिनीलगत सरकते आहे. काळ बहात्तरच्या दुष्काळातला, महिने थंडीचे. ही आमच्या गावाची छावणी.

उजवीकडून आठ गडी येतात. त्यांच्या खांद्यावर दोन जाड बांबू आहेत. जी जनावरं रात्रीतून खाली बसली आणि ज्यांना आपलं आपण उठवेना, त्यांना उभं करणं हे या गड्यांचं सकाळचं पहिलं काम. बांबू पोटाखालून सारायचे, चौघांनी या बाजूनं धरायचे, चौघांनी त्या बाजूनं, आणि मुकादमानं "घ्या रं!" म्हटलं की एकदम उचलायचं. जनावर थरथरत उभं राहायचं. कधी टिकायचं, कधी पुन्हा खाली यायचं. छावणीतल्या लहानथोर सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती. बसलेलं जनावर लवकर उभं राहिलं नाही, तर मग ते राहत नाही.

डावीकडे वाढ्याचा ढीग. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. त्या वर्षी कारखान्याकडून ट्रक भरभरून यायचा आणि गुरं त्याच्यावरच जगत होती. त्या ढिगावर पंधरा वर्षांचा एक मुलगा उताणा पडलाय, एक पाय दुसऱ्यावर टाकून, तोंडात वाढ्याची काडी. हा आपला नायक, राधाकृष्ण.

"राध्या, हात लाव की रं मुडद्या!" छावणीचा मुकादम गोरक्षनाथ ओरडतो. तालमीत वाढलेला गडी, मानेची आणि डोक्याची रुंदी एकच.

"आठजन हायेत की, गोरखअण्णा. नववा आला तर बांबूला जागा पुरायची न्हाई."

"जागा करतो, तू ये तर खरं!"

"मग कुनाची तरी काढाल. त्येला वाईट वाटंल."

गडी हसतात, बांबू हलतो, आणि गोरक्षनाथ दोघांनाही शिव्या घालतो, बांबूला आणि राधाकृष्णाला.

मी हे सगळं पाहत होतो, कारण त्या वर्षी मला दुसरं काम नव्हतं. दुष्काळात तिकीट कोण काढणार? आमच्या नाटक कंपनीनं मुक्काम मोडला. मंडळी आपापल्या गावी पांगली, आणि कंपनीच्या पेट्या ठेवायला जागा हवी म्हणून मी त्या बहिणीच्या गावी आणून एका गोठ्यात रचल्या. पेट्यांसोबत मीही राहिलो. बहिणीच्या मुलांचा मी मामा, म्हणून सगळ्या गावच्या मुलांचा मामा झालो.

राधाकृष्णाला त्याच्या आत्यानं, लंकाबाईनं वाढवलं होतं. आई लहानपणीच गेली, वडील कामासाठी राहात्याकडं गेले ते सणावारालाच यायचे. आत्याचं एकटीचं घर. त्या घरात आत्या, राधाकृष्ण आणि चांदणी नावाची एक गाय. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदणी. त्या थंडीत ती गाभण होती.

आता राधाकृष्णाच्या आळसाबद्दल. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ आळशी पाहिले. आमच्या कंपनीतला सेनापती तर मेल्यावर पडद्यापर्यंत चालत जायचा कंटाळा म्हणून प्रयोगाआधीच सांगून ठेवायचा, मला विंगेजवळच मारा. पण राधाकृष्णाचा आळस वेगळा. तो नुसता पडून राहत नसे, पडून राहता यावं म्हणून रात्रंदिवस विचार करीत असे. खाटेवरून न उठता दार लावता यावं म्हणून त्यानं कडीला दोरी बांधून ती आढ्यावरून खाटेपर्यंत आणली होती. आत्यानं अंगणातला जात्याचा दगड हलवायला सांगितला, तर त्यानं सकाळभर पहार आणि दोन गोल लाकडं शोधली, आणि मग एका बोटानं हलवल्यासारखा तो दगड चुलीपाशी नेऊन ठेवला.

"हातानं ढकलला असता तर कवाच झालं असतं," आत्या म्हणाली.

"झालं असतं. पन हातानं ढकलावा लागला असता," राधाकृष्ण म्हणाला.

गावच्या हायस्कुलात दमयंतीबाई विज्ञान शिकवीत. नगरच्या शिक्षकांच्या घराण्यातल्या, वडील मास्तर, आजोबा मास्तर. उंच, सडसडीत, पायात जाड तळाच्या चपला, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच काय, शेजारच्या वर्गातही ऐकू जावा. रंगभूमीनं एक चांगली नटी गमावली, असं मी त्यांना एकदा म्हणालो. "आणि रंगभूमीनं मला पगार वेळेवर दिला असता का?" असं त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

नेवाशाला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं. बाईंनी वर्गात एकेकाला विचारलं. कुणी विजेची घंटा म्हणालं, कुणी ज्वालामुखी. राधाकृष्णाची पाळी आली.

"तू काय करणार?"

"ज्यात कष्ट कमी पडतील असं काही असंल तर सांगा, बाई."

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या फळ्याकडं वळल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'साधी यंत्रे'.

"हे घे. तरफ, उतरण, कप्पी. कमी जोरात जास्त भार उचलायचा. यालाच यांत्रिक फायदा म्हणतात. अख्खा धडा तुझ्यासारख्यांनीच लिहून ठेवलाय."

त्या दिवशी राधाकृष्ण शाळा सुटल्यावरही वर्गात थांबला. तो थांबला ही बातमी त्याच्याआधी घरी पोचली, आणि पोराला ताप तर नाही ना, हे बघायला आत्या शाळेत आली.

बाईंनी त्याला समजावलं. एका दोराला लटकवलेला भार पूर्ण आपल्या हातावर येतो. तोच भार कप्प्यांमधून दोराचे चार पदर फिरवून त्यांच्यावर लटकवला, तर आपल्या हाताला साधारण चौथा हिस्साच लागतो. राधाकृष्णाचे डोळे लुकलुकले. मग बाई पुढं म्हणाल्या, "मात्र भार हातभर वर जायला दोर चार हात ओढावा लागतो."

"चार हात?"

"चार हात."

"म्हंजे हातानं वाचवायचं आणि पायानं चालायचं? ही तर फसवणूक झाली, बाई!"

"फसवणूक नाही. जोर वाचतो, अंतर वाढतं. दोन्ही एकदम वाचत नाही."

राधाकृष्ण बाकावर मागं रेलला. मग म्हणाला, "उभं राहून चार हात ओढायचा का बसून ओढला तरी चालंल?"

"बसूनही चालेल."

"मग करतो."

असा हा प्रकल्प सुरू झाला. पुस्तकातलं चित्र पाहून दोऱ्याच्या रिळांच्या कप्प्या करून न्यायला कुणीही तयार झालं असतं. पण राधाकृष्णाला छावणीतली सकाळ दिसत होती. आठ माणसांचं काम दोन माणसांनी केलं, तर उरलेल्या सहांना झोपता येईल, असा त्याचा हिशोब होता. त्या सहांत एक आपण असू, हेही त्यानं धरलं होतं.

खऱ्या कप्प्या हव्या म्हणून तो माझ्याकडं आला. मी पेट्या उघडल्या. आमच्या पौराणिक नाटकांत देव आभाळातून उतरायचे. ढगाच्या आकाराची एक फळी, तिच्यावर वीणा घेतलेला नारद, आणि वर अंधारात दोन दोन चाकांच्या लाकडी कप्प्यांतून फिरलेला दोर. तो नारद कित्येक वर्षं मीच होतो. त्या कप्प्या मी राधाकृष्णाच्या हाती दिल्या.

"मामा, ह्यांनी देव उतरवायचा?"

"होय."

"मग गाय चढवायला हरकत न्हाई."

पट्टाही माझ्याच पेटीतून निघाला. जनावराच्या पोटाखालून घ्यायला रुंद, मजबूत कापड पाहिजे होतं. उंदरांनी एका कडेनं खाल्लेला राजवाड्याचा पडदा होता, जाड कापडाचा, रंगानं आणखी जाड झालेला. त्याचा मधला भाग आम्ही कापला. खांब, कमानी आणि अर्धं कारंजं त्या पट्ट्यावर आलं. लंकाबाईनं सुतळीनं त्याच्या कडा शिवल्या. जुन्या मोटेच्या विहिरीवरची तीन लाकडं आणून वर एकत्र बांधली, खाली पाय फाकवले, आणि तिकाटणं उभं राहिलं. कप्प्यांना करडईचं तेल पाजलं.

शाळेच्या पटांगणात चाचणी झाली. पट्ट्यात वाळूची दोन पोती. बाईंनी पदर खोचला, दोर धरला आणि ओढला. पोती जमिनीवरून उठली, राजवाडा वर गेला आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. गोरक्षनाथही बघायला आला होता. त्यानं पोतं हातानं दाबून पाहिलं, वाळूच आहे ना म्हणून.

"वाळू चांगली गुनाची हाय," तो म्हणाला. "गाय एवढी गुनाची नसती."

कुणी लक्ष दिलं नाही. दोन दिवसांनी सगळे प्रकल्प एसटीनं नेवाशाला जायचे होते.

आणि ज्या दिवशी जायचं त्या सकाळी चांदणी बसली.

आठ गड्यांनी तिला दोनदा उभं केलं. दोन्ही वेळा पाय दुमडून ती खाली आली. पुढं अजून पुष्कळ जनावरं उठवायची होती, गड्यांच्या पाठी भरून आल्या होत्या. गोरक्षनाथ लंकाबाईला हळू आवाजात म्हणाला, "आक्का, दुपारी परत बगू." त्याचा आवाज हळू झाला की जनावराची आशा संपली, हे लोकांना कळायचं.

लंकाबाई गाईच्या तोंडापाशी बसली आणि तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून हात फिरवत राहिली. पोटात वासरू. आत्याच्या घरात होतं-नव्हतं ते सगळं त्या जमिनीवर बसलं होतं.

राधाकृष्ण शाळेकडं पळाला. मी त्याला पळताना प्रथमच पाहिलं. एसटीच्या टपावर चढवायला बांधून ठेवलेलं तिकाटणं त्यानं सोडलं. बाई बाहेर आल्या.

"बाई, चांदणी बसली."

बाईंनी नुसतं तोंडाकडं पाहिलं आणि लाकडाचं दुसरं टोक स्वतः उचललं.

गाईच्या वर तिकाटणं उभं झालं. पोटाखालून राजवाडा घातला. राधाकृष्ण आणि मी, दोघांनी दोर धरला. किती सहज, म्हणून सांगू! कप्प्या कुरकुरल्यादेखील नाहीत. चांदणी वर आली, आणखी वर आली, खुर जमिनीवरून सुटले. सगळी छावणी जमली होती, कुणीतरी शिट्टी मारली. मला तर वाटलं, आता नारदाची वीणा वाजायला हवी.

पण गाईनं पाय खाली सोडलेच नाहीत. वाळत घातलेल्या गोधडीसारखी ती नुसती लोंबत राहिली. पाय पोटाशी, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही हळूहळू खाली सोडली, तर खुर टेकले, गुडघे वाकले, आणि ती जशी होती तशी खाली बसली. पुन्हा वर घेतली. पुन्हा तेच.

"आरं, तिला झोका देतुयास का काय?" गोरक्षनाथ म्हणाला. "आमी बांबूनं उचलतो तवा हाताला लागतं. तिनं पाय टेकून जोर लावला की बांबू हलका हुतो. तुला काय लागतंय का?"

राधाकृष्णानं दोराकडं पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला. "कायच लागत न्हाई."

बाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी त्याला घाई केली नाही, हे मला आजही आठवतं. तो मात्र गाईकडं बघत होता, नेहमीच्या त्याच्या पडीक नजरेनं. आणि एकदम तो आत्याकडं वळला.

"आत्ये, सकाळी मला कशी उठवतीस गं?"

"आता ह्ये काय मधीच?"

"सांग तरी."

"हात धरून ओढती! तर तू अंग टाकून देतोस, मढ्यावानी. मग अर्ध्यावर धरून ठेवती आनि भाकरी जरा लांब ठेवती. मग उठतोस झक मारत."

"तेच!" राधाकृष्ण म्हणाला. "सगळं दुसराच करतोय म्हटल्यावर आपुन कशाला करायचं? मी असतो तर मीबी लोंबलो असतो, बाई. तिला सगळं फुकट मिळतंय. आनि हातात दोर इतका हलका झालाय, की ती काय करती ते मला कळतच न्हाई."

बाई हळूच म्हणाल्या, "मग?"

"दोन पदर काढायचे."

"जोर दुप्पट लागेल, राधाकृष्ण."

"लागू द्या," राधाकृष्ण म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला गाव जमलेलं होतं हे बरं झालं. नाही तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

कप्प्यांतून दोर काढला आणि एकेका चाकातूनच पुन्हा ओवला. चाराचे दोन पदर झाले. आता दोघांनी भागेना. राधाकृष्ण पुढं, मागं मी, माझ्या मागं गोरक्षनाथ. बोलावलं नसताना आला आणि दोराला लटकला. गाय वर आली, पण यावेळी उंच नाही. खुर जमिनीला नीट टेकतील एवढीच. "बास!" राधाकृष्ण ओरडला. लंकाबाईनं वाढ्याची एक हिरवी जुडी तिच्या तोंडापुढं धरली, जरा वर, जरा लांब.

बराच वेळ काही झालं नाही. दोर तट्ट होता. मग राधाकृष्ण कुजबुजला, "मामा, लागलं."

मलाही लागलं. दोर किंचित सैल झाला होता. गाईनं मान वर केली होती आणि एका मागच्या पायावर जरासा भार घेतला होता. लगेच सोडलाही. राधाकृष्णानं दोर पुन्हा ताणला. ती पुन्हा थोडं घ्यायची, हा तेवढंच सोडायचा. ती दमायची, हा धरायचा. दोर खुंट्याला बांधून टाक, असं गोरक्षनाथ म्हणाला. "बांधला तर खुंट्याला कळंल, मला न्हाई," असं म्हणून राधाकृष्णानं तो कमरेभोवती घेतला आणि टाचा रोवून उभा राहिला. आम्ही आळीपाळीनं मागून दोर धरत होतो. त्याच्या जागी मात्र त्यानं कुणाला येऊ दिलं नाही.

एसटीचा हॉर्न वाजला. बाईंना बाकीच्या मुलांना घेऊन जाणं भाग होतं.

"राधाकृष्ण, गाडी आली."

"जावा तुमी, बाई. ज्वालामुखी सांभाळून न्या, त्येचं तोंड ओलं हाय."

बाई गेल्या. जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

उन्हं कलती झाली. गाय आता जुडी ओढून खात होती. एकदा दोर सैल झाला तो सैलच राहिला. राधाकृष्णानं आणखी सोडला, आणखी सोडला. पट्टा गाईच्या पोटापासून सुटून लोंबायला लागला, कारंजं आणि कमानी वाऱ्यावर हलू लागल्या, आणि चांदणी आपल्या चार पायांवर उभी होती. थरथरत होती, पण उभी होती. लंकाबाईनं तिच्या मानेत तोंड घातलं. गोरक्षनाथ मोठ्यानं शिंकरला आणि धूळ फार झालीय म्हणाला. राधाकृष्ण होता तिथंच मटकन खाली बसला. त्याच्या कमरेवर दोराचा वळ उठला होता, तळहात सोलले होते. आत्यानं त्यांना हळद-तेल लावलं आणि लावता लावता त्याला पोटभर शिव्या दिल्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मी जुना नट आहे, शेवटचा प्रवेश कुठं ठेवायचा हे मला ठरवू द्या. चांदणीला कालवड झाली. तिकाटणं छावणीतच राहिलं, आणि पावसाळ्यापर्यंत रोज सकाळी आठ माणसांचं काम त्यावर तिघं करीत. सगळीच जनावरं वाचली असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ उभी राहिली. राधाकृष्ण मोठा झाला, शेती केली, आणि विहिरीतली इंजिनं वर काढायची असली की पंचक्रोशीतले लोक त्यालाच न्यायला येऊ लागले. तो लिंबाखाली बाजेवर पडून सांगायचा, पोरं दोर ओढायची, इंजिन वर यायचं. लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली. बायकोनं त्याच्या आळसाबद्दल माझ्याकडं तक्रार केली ती हसत हसत. सुखी माणूस. अशी माणसं मी सिंहासनावर बसूनही पाहिली नाहीत, आणि मी बऱ्याच सिंहासनांवर बसलो आहे.

आता तो प्रवेश.

नेवाशाहून बाई परतल्या. ज्वालामुखीला बक्षीस मिळालं होतं. आधी त्या छावणीत गेल्या, चांदणीच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग शाळेत आल्या. मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा होतो. बाईंनी हजेरी घेतली, फळा पुसला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "राधाकृष्ण, उभा राहा. आपला एक प्रकल्प प्रदर्शनात मांडायचा राहिला. तो इथं मांड. तुझ्या यंत्राचा यांत्रिक फायदा किती?"

राधाकृष्ण उभा राहिला. हाताला फडकी बांधलेली होती.

"आधी चार हुता, बाई. मग मी दोन केला. बाकीचे दोन गाईकडं ठेवले. बसू का आता?"